संत्रा, टका आणि पेट्रापोल: वरूड-मोर्शीच्या बागेतून भारत-बांगलादेश संबंधांचे एक प्रकरण

अमरावती जिल्ह्यातल्या वरूडहून निघालेला अठरा टन संत्र्याचा ट्रक २०१९ मध्ये बेनापोलच्या, म्हणजे बांगलादेशाच्या सीमानाक्याच्या, दारात पोहोचला, की त्यावर सुमारे ३ लाख ६० हजार टका (टका हे बांगलादेशाचे चलन) आयात शुल्क बसे. २०२३ च्या हंगामात तेवढ्याच मालावर १५ लाख ८४ हजार टका बसू लागले. फळ तेच, रस्ता तोच आणि ढाक्यातले गिऱ्हाईकही तेच. याच चार वर्षांत दिल्ली आणि ढाका या दोन्ही राजधान्यांत उभय देशांच्या संबंधांना ‘सुवर्णकाळ’ म्हटले जात होते. संबंध इतके चांगले असताना संत्रा अडला कसा आणि अडल्यावर आपण कोणकोणती दारे ठोठावली, हा या प्रकरणाचा विषय आहे.

बांगलादेशाने दर किलोमागे घेतलेले शुल्क असे चढत गेले: २०१९ मध्ये २०, २०२० मध्ये ३०, २०२१ मध्ये ५१, २०२२ मध्ये ६३, २०२३ मध्ये ८८. २०२४ मध्ये ते १०१ वर गेले आणि जानेवारी २०२५ मध्ये ११६ वर.

हे आकडे टक्यातले आहेत. आपल्याकडच्या बातम्यांत, निवेदनांत आणि सभांमध्ये ते बऱ्याचदा ‘रुपये’ म्हणून फिरले. २०२३ च्या अखेरीस एका रुपयाला साधारण १.३२ टका मिळत होते, म्हणजे ८८ टका म्हणजे ६६-६७ रुपये. किलोमागे वीस-बावीस रुपयांचा हा फरक लहान नाही. आमच्या भागात बागेतल्या संत्र्याला कित्येक हंगामांत एवढाच भाव मिळालेला आहे.

बागेतली बाजू

विदर्भात संत्र्याचे दोन बहार घेतले जातात. आंबिया बहाराचा फुलोरा जानेवारी-फेब्रुवारीत येतो आणि फळ ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये तोडणीला येते. मृग बहार जून-जुलैत फुलतो आणि फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतो. वरूड, मोर्शी, चांदूर बाजार, अचलपूर, तिकडे काटोल, नरखेड, कळमेश्वर हा सगळा पट्टा याच दोन तारखांवर चालतो. लग्ने, सोसायटीचे हप्ते, पोरांच्या शाळेची फी, सगळे बाग निघाली की.

बहुतेक बागा सौद्याने जातात. फळ हिरवे असतानाच व्यापारी बागेत फिरतो, झाडे मोजतो, अंदाज बांधतो आणि उक्ता भाव सांगतो. कुठे हजार फळांच्या भावाने, कुठे टनाने. इसार देतो आणि बाकीचे तोडीच्या वेळी द्यायचे ठरते. कागद क्वचितच होतो. झालाच तर त्यात ‘फळ अमुक तारखेपर्यंत तोडावे’ असे कलम नसते. या एका न लिहिलेल्या ओळीमुळे बांगलादेशातल्या शुल्काची झळ थेट शेतकऱ्यापर्यंत येते.

बेनापोलला भाव पडला की व्यापारी सौदा मोडत नाही, तोड लांबवतो. ‘बांगलादेश बंद हाय, आठ दिवस थांबा’ हे वाक्य डिसेंबरात गावोगाव ऐकू येते. आठाचे पंधरा दिवस होतात. फळ पिकून झाडावरच राहते, सालीत हवा धरते, पोला पडते, मग गळ सुरू होते. तोडीला माणसे येतात तेव्हा चुरीचा वाटा वाढवून सांगितला जातो. चुरी म्हणजे बारीक किंवा डागी फळ. ते वेगळे काढून जवळपास फुकटात जाते. ठरलेल्या भावातून सूट मागितली जाते, आणि फळ झाडावर सडण्यापेक्षा शेतकरी ती देतो.

इथपर्यंतचे नुकसान सगळ्यांना दिसते. त्यामागचे कमी लोक मोजतात. आंबिया बहार धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडून झाडाला ताण द्यावा लागतो. हलक्या जमिनीत महिना-सव्वा महिना, भारी काळ्या जमिनीत दोन महिन्यांपर्यंत. ताण बसला की पानगळ होते, काड्यांत अन्नसाठा होतो आणि पाणी सोडल्यावर फुले येतात. झाडावर फळ लोंबत असताना ताण देता येत नाही; दिला तर फळ सुकते आणि झाड खचते. तोड जानेवारीत ढकलली गेली की पुढच्या वर्षीचा आंबिया उशिरा आणि विरळ फुटतो. कोवळी फळे मग एप्रिल-मेच्या उन्हात सापडतात आणि गळतात. म्हणून बेनापोलचा एक वाईट डिसेंबर बागेत दोन वर्षे राहतो. ज्या शेतकऱ्याने भाव पाडून का होईना डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात बाग मोकळी केली, त्याचा पुढचा हंगाम वाचतो. हा हिशेब सौद्याच्या वेळी मांडायचा असतो. डिसेंबर उलटल्यावर मांडून उपयोग नाही.

रस्त्यातली बाजू

वरूड ते पेट्रापोल (बेनापोलसमोरचा भारताच्या बाजूचा नाका) हे अंतर तेराशे किलोमीटरच्या आसपास आहे. रायपूर, संबलपूर, खरगपूर करत ट्रक तिसऱ्या-चौथ्या दिवशी पेट्रापोलजवळच्या बनगावला पोहोचतो. तिथे रांग लागते. पश्चिम बंगाल सरकारने २०२२ पासून ‘सुविधा’ ही ऑनलाइन वेळ-नोंदणी सुरू केल्यावर रांग आटोक्यात आली, पण त्याचे वेगळे शुल्क आले. पेट्रापोलची एकात्मिक तपासणी चौकी जुलै २०१६ मध्ये दोन्ही पंतप्रधानांच्या उपस्थितीत व्हिडिओद्वारे सुरू झाली आणि मालवाहतुकीचे ‘मैत्री द्वार’ ऑक्टोबर २०२४ मध्ये. दार मोठे झाले, पण पलीकडे बेनापोलच्या आवारात माल उतरवून बांगलादेशी ट्रकमध्ये भरण्याची पद्धत कायम आहे. प्रत्येक क्रेट एकदा उचलला, एकदा ठेवला जातो.

नागपुरी संत्र्याची साल सैल असते. सोलायला सोपे हाच त्याचा गुण आणि प्रवासात हाच त्याचा दोष. हाताने ओढून तोडलेल्या फळाच्या देठाजवळ सालीला भोक पडते आणि तिथून निळी-हिरवी बुरशी शिरते. कात्रीने देठ फळालगत कापला, तर ती वाट बंद होते. घाईच्या तोडीत मजुरी नगावर असते, कात्री खिशातच राहते. एका क्रेटमध्ये वीस-बावीस किलो फळ बसते. अठरा टनांच्या ट्रकमध्ये साडेआठशेच्या आसपास क्रेट. त्यात प्रत्येकी दोन भोक पडलेली फळे असली, तरी पाचव्या दिवशी ती शेजारच्या फळांना घेऊन बसतात. वॅक्सचा थर दिलेले, प्रतवारी केलेले फळ जास्त टिकते, पण वॅक्सिंगने कुजके फळ नीट होत नाही. भोक असलेले फळ वेगळे काढल्याशिवाय थर देणे म्हणजे रोग झाकून पाठवणे.

आता सर्वांत कळीची गोष्ट. शुल्क दारातल्या वजनावर घेतले जाते, विकल्या गेलेल्या वजनावर नाही. अठरा टनांवर ८८ टक्याने १५ लाख ८४ हजार टका भरले आणि दहा टक्के माल सडला, तर उरलेल्या १६.२ टनांवर शुल्काचा बोजा किलोला जवळपास ९८ टका होतो. २० टका शुल्क होते तेव्हा तेवढीच सड किलोमागे फक्त दोन-सव्वादोन टक्यांनी महाग पडे. त्यामुळे शुल्क चढत गेले तसतसा सैल सालीचा संत्रा टणक सालीच्या माल्ट्यापुढे (मोसंबी जातीच्या गोड संत्र्यापुढे) मागे पडत गेला. माल्टा इजिप्तमधून, दक्षिण आफ्रिकेतून थंड कंटेनरात येतो, त्याला शुल्काची हीच टक्केवारी लागते, पण त्याची सड कमी असते. वाढलेल्या शुल्काने टिकाऊ फळ उचलून धरले, आणि यात कुणाचा भारतविरोध असण्याची गरज नव्हती.

शुल्काच्या पोटात काय आहे

बांगलादेशात फळावर एक कर नाही, सहा आहेत आणि ते एकावर एक चढतात. २०२४-२५ चा हिशेब मांडून पाहू. कस्टमने किलोचे आकारणी मूल्य, म्हणजे ज्यावर कर मोजतात ती किंमत, ८५ टका धरले, असे समजा.

मूळ सीमाशुल्क २५ टक्के: २१.२५ टका. नियामक शुल्क २० टक्के: १७ टका. इथपर्यंत मूल्य १२३.२५ झाले. त्यावर २० टक्के पूरक शुल्क: २४.६५. बेरीज १४७.९०. या वाढलेल्या रकमेवर १५ टक्के व्हॅट: २२.१९. त्याच रकमेवर ५ टक्के आगाऊ कर: ७.४०. शेवटी मूळ ८५ वर १० टक्के अग्रिम आयकर: ८.५०. सगळे मिळून १०१ टका. ९ जानेवारी २०२५ ला पूरक शुल्क २० वरून ३० टक्के झाले. तीच रीत पुन्हा चालवली की ११६ टका येतात. दोन्ही आकडे प्रत्यक्ष आकारणीशी जुळतात, म्हणजे ८५ चे मूल्यही जवळपास बरोबर धरले गेले आहे. मार्च २०२५ मध्ये पूरक शुल्क २५ टक्क्यांवर आणि अग्रिम आयकर ५ टक्क्यांवर आणला गेला.

हाच हिशेब उलटा चालवला की वेगळीच गोष्ट दिसते. मे २०२२ पूर्वी नियामक शुल्क ३ टक्के होते आणि सगळ्या करांची बेरीज ८९ टक्क्यांच्या आसपास येई. त्या दराने २० टका शुल्क यायचे, तर आकारणी मूल्य साडेबावीस टक्यांच्या आसपास असले पाहिजे. ५१ टका यायचे, तर ५७. म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात शुल्क अडीचपट झाले, त्यात दरवाढीपेक्षा कस्टमने फळाची धरलेली किंमत वाढल्याचा वाटा मोठा आहे. निर्यातदाराच्या बिलावर काहीही लिहिलेले असो, दारात बसलेला अधिकारी किमान मूल्य धरूनच आकारतो. ही गोष्ट अर्थसंकल्पात दिसत नाही, कुठल्या करारात येत नाही, आणि म्हणून आपल्याकडच्या कुठल्याही निवेदनात तिचा उल्लेख नव्हता. सगळी निवेदने ‘आयात शुल्क कमी करा’ एवढेच म्हणत राहिली.

दुसरी वाढ मे २०२२ मध्ये आली. बांगलादेशाच्या महसूल मंडळाने फळे, फुले, फर्निचर, सौंदर्यप्रसाधने अशा १३५ जिनसांवर नियामक शुल्क थेट २० टक्के केले. जुलै २०२२ मध्ये बांगलादेश बँकेने फळांसह चैनीच्या जिनसांसाठी एलसी (आयातीच्या पैशांचे बँकेचे हमीपत्र) उघडताना शंभर टक्के रोख मार्जिन सक्तीचे केले. परकीय चलनाचा साठा ऑगस्ट २०२१ मध्ये ४८ अब्ज डॉलरवर होता, तो झपाट्याने उतरत होता. डॉलर ८६ टक्यांवरून २०२३ अखेर ११० वर गेला. जानेवारी २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने ४.७ अब्ज डॉलरचे कर्ज मंजूर केले, त्यासोबत महसूल वाढवण्याच्या अटीही आल्या. ज्या देशाला इंधन आणि खतासाठी डॉलर जपायचे आहेत, तो संत्र्यावर डॉलर घालवणार नाही. आपण असतो तरी घातले नसते.

शंभर टक्के मार्जिनचा अर्थ आयातदाराच्या बाजूने पाहा. २०२३ च्या ८८ टका शुल्कामागे किलोचे मूल्य ७७ टका धरले, तर अठरा टनांचे १३ लाख ८६ हजार टका माल निघण्याआधी बँकेत रोख ठेवायचे. दारात १५ लाख ८४ हजार शुल्क भरायचे. पहिला क्रेट विकला जाण्याआधी एका ट्रकमागे जवळजवळ ३० लाख टका अडकतात. दिवसाला दोन ट्रक घेणारा लहान आयातदार या खेळातून बाहेर पडतो. उरतात मोजके मोठे. घेणारे मोजके झाले की भाव तेच ठरवतात, आणि वरूडच्या सौद्यात पडलेला भाव केवळ शुल्काचा नसतो, घेणाऱ्यांची संख्या घटल्याचाही असतो.

मैत्री आणि मदत कुठे होती

या सगळ्या काळात भारत बांगलादेशाला देत असलेली विकास-मदत आजवरच्या सर्वांत मोठ्या पातळीवर होती. २०१० मध्ये एक अब्ज डॉलरची पहिली कर्जरेषा जाहीर झाली आणि तिच्यातले २० कोटी डॉलर पुढे अनुदानात बदलले. मग दोन अब्जांची दुसरी, २०१७ मध्ये साडेचार अब्जांची तिसरी. ही कर्जे भारताच्या एक्झिम (निर्यात-आयात) बँकेमार्फत, एक टक्का व्याजाने, वीस वर्षांच्या मुदतीत, पहिली पाच वर्षे हप्त्याविना. सिलिगुडी ते पार्वतीपूर डिझेल पाइपलाइन मार्च २०२३ मध्ये सुरू झाली. आखाउडा-अगरतला रेल्वेजोड आणि खुलना-मोंगला रेल्वेमार्गाचे उद्घाटन १ नोव्हेंबर २०२३ ला झाले. नेमका तोच आंबियाचा हंगाम होता आणि तेव्हाच ८८ टक्यांनी वरूडची बाजारपेठ बसली होती.

या मदतीच्या बदल्यात संत्र्याला सूट का मागितली नाही, असा प्रश्न गावोगाव विचारला गेला. प्रश्न रास्त आहे, पण तो मदतीची रचना चुकीची धरून चालतो. या कर्जातल्या कामांसाठी माल आणि सेवांचा साधारण ७५ टक्के वाटा भारतातूनच घ्यावा लागतो. बांधकामात थोडी सवलत आहे. म्हणजे पैशांचा मोठा भाग भारतीय कंत्राटदार, पोलाद, इंजिने, तारा यांच्याकडे परत येतो. ढाक्याच्या नजरेत तो उपकार नसतो, व्यवहार असतो. मदतीच्या फायली परराष्ट्र आणि अर्थ मंत्रालयात फिरतात, संत्र्याचे मूल्य महसूल मंडळाचा अधिकारी ठरवतो. या दोन टेबलांमध्ये फाइल जाण्याची वाटच नाही.

व्यापारातल्या सवलतीचेही तसेच. नोव्हेंबर २०११ पासून भारताने बांगलादेशाच्या जवळपास सगळ्या मालाला, दारू-तंबाखूच्या २५ जिनसा सोडून, शुल्कमुक्त प्रवेश दिला. तो साफ्टा या दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारातल्या अल्पविकसित देशांसाठीच्या तरतुदीतून एकतर्फी दिला. एकतर्फी दिलेल्या गोष्टीचा मोबदला नंतर मागता येत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही दलालाला ठाऊक आहे.

कांद्याची गोष्ट

विदर्भात सर्वांत जास्त पसरलेले स्पष्टीकरण असे: भारताने कांदा बंद केला, म्हणून त्यांनी संत्रा बंद केला. तारखा पाहिल्या तर त्यात तथ्य वाटते. सप्टेंबर २०१९ आणि सप्टेंबर २०२० मध्ये भारताने अचानक कांदा निर्यातबंदी केली, ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यातशुल्क लावले आणि डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये बांगलादेशाच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या, तेव्हा त्यांनी कांद्याबद्दल जाहीर तक्रारच केली होती. राग होता, यात शंका नाही.

पण बांगलादेशाचे शुल्क भारताच्या संत्र्यावर वेगळे नव्हते. तेच नियामक आणि पूरक शुल्क चीन, इजिप्त, दक्षिण आफ्रिका या सगळ्यांच्या फळांवर बसले, सफरचंद आणि द्राक्षांवरही. सूड उगवायचा असता, तर भारतीय मालासाठी वेगळा अडसर घातला असता. शिवाय फळ महाग राहण्यात तिथल्या शेतकऱ्याचेही हित आहे. पिरोजपूरसह अनेक जिल्ह्यांत बारी माल्टा-१ या देशी वाणाच्या बागा वाढल्या आहेत. हिरव्या सालीचा तो माल्टा तिथल्या बाजारात स्वस्त मिळतो.

कांद्याच्या गोष्टीने एक खरे नुकसान केले. तिने मागणी चुकीच्या दारात नेली. ‘कांदा सोडा म्हणजे संत्रा सुटेल’ या भरवशावर एक पूर्ण हंगाम निवेदनांत गेला. मे २०२४ मध्ये कांद्याची बंदी उठली, त्याआधी मार्चमध्ये सरकारी पातळीवर बांगलादेशाला ५० हजार टन कांदा देण्याची परवानगीही मिळाली होती. संत्र्याचे शुल्क मात्र खाली आले नाही, ते १०१ टक्यांवर गेले. नाशिकचा कांदा आणि वरूडचा संत्रा या दोन शेतकऱ्यांना एकमेकांसमोर उभे करून काय साधले, हा प्रश्न तेव्हा कुणी फारसा विचारला नाही.

अनुदान

डिसेंबर २०२३ च्या नागपूर अधिवेशनात राज्य सरकारने बांगलादेशाच्या आयात शुल्काच्या अर्ध्याइतके, म्हणजे किलोला ४४ रुपये अनुदान जाहीर केले. तरतूद सुमारे १७० कोटी. ४४ रुपयांनी भागले तर ही रक्कम साडेअडतीस हजार टनांच्या आसपास पुरते, म्हणजे अठरा टनांचे एकवीसशे-बावीसशे ट्रक. इथे टका-रुपयांचा घोळ पुन्हा दिसतो: ८८ टक्यांचे अर्धे केले तर ३३ रुपये येतात, ४४ नाही.

हेतू चांगला होता, जागा अवघड होती. शुल्क भारतीय निर्यातदार भरत नाही, बांगलादेशी आयातदार भरतो. अनुदान मात्र निर्यातदाराला मिळणार. ते शेतकऱ्यापर्यंत यायचे, तर निर्यातदाराने बागेतला भाव वाढवला पाहिजे, आणि सौदे ऑगस्ट-सप्टेंबरातच झालेले असतात. डिसेंबरातली घोषणा आंबियाच्या सौद्यात उतरूच शकत नाही. दुसरी अडचण कागदांची. शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टमचा कागद) ज्याच्या आयात-निर्यात कोडवर निघते, तोच कायद्याने निर्यातदार. वरूडचा व्यापारी माल भरतो, पण बिल अनेकदा कोलकाता किंवा बनगावच्या पेढीच्या कोडवर निघते. अशा मालाला महाराष्ट्राचे अनुदान लागू करायचे, तर तो महाराष्ट्रातल्या बागेतून निघाल्याचा पुरावा लागतो: बाजार समितीची पावती, सातबारा, वाहतूक बिल, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रावरचे मूळ ठिकाण. हा धागा शेवटपर्यंत जोडलेला असेल, तरच दावा उभा राहतो. शेतकरी कंपनीला किंवा गटाला यातून काही मिळवायचे असेल, तर स्वतःचा कोड घेणे आणि बिल स्वतःच्या नावाने काढणे याला पर्याय नाही. कोड घेणे स्वस्त आणि ऑनलाइन आहे. अवघड काम बेनापोलपलीकडे ओळखीचा, पैसे बुडवणार नाही असा आयातदार शोधणे, हे आहे.

मागणी कशी मांडावी

सर्वांत आधी नाव. कस्टमच्या जगात नागपुरी संत्रा ‘ऑरेंज’ नाही. तो मँडरिन आहे, वर्गवारी ०८०५.२१. ०८०५.१० म्हणजे माल्टा, मोसंबी जातीचे गोड संत्रे. बांगला भाषेतही हे दोन शब्द वेगळे आहेत: आपले फळ ‘कमला’, ते ‘माल्टा’. शिपिंग बिलावर सवयीने ‘ऑरेंज’ लिहिले, तर आपली आकडेवारी माल्ट्याच्या खात्यात जाते, आणि ‘ऑरेंजवरील शुल्क कमी करा’ अशी मागणी मान्य झाली तर तिचा फायदा इजिप्तला होतो. मागणी कमल्याची, ०८०५.२१ ची असली पाहिजे. आकारणी मूल्यही माल्ट्यापासून वेगळे, कमी धरावे, कारण सैल सालीचे, कमी टिकणारे फळ टनाला स्वस्तच विकले जाते.

दुसरे, मागणी कधी ठेवायची. संयुक्त राष्ट्रांच्या ठरलेल्या वेळापत्रकानुसार बांगलादेश २४ नोव्हेंबर २०२६ ला अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडतो. तो बाहेर पडला की भारतातला एकतर्फी शुल्कमुक्त प्रवेश आपोआप चालू राहत नाही. बोलणी करावी लागतात. सर्वंकष आर्थिक भागीदारी कराराचा संयुक्त अभ्यास २०२२ मध्येच पूर्ण झाला आहे. २०११ नंतर पहिल्यांदा आपल्याला काही मागण्याची जागा इथे मिळते. त्या बोलण्यांतल्या मागण्यांच्या यादीत ०८०५.२१ असायला हवे आणि मूळ सीमाशुल्कासोबत पूरक व नियामक शुल्काचाही उल्लेख हवा. नुसते सीमाशुल्क शून्य केले आणि बाकीची पाच तशीच ठेवली, तर ११६ पैकी फार तर तिसरा हिस्सा कमी होईल. भूतानचा संत्रा याच हंगामात बांगलादेशात उतरतो, आणि बांगलादेशाने आपला पहिला द्विपक्षीय प्राधान्य व्यापार करार ६ डिसेंबर २०२० ला भूतानशीच केला, हेही लक्षात ठेवावे.

ऑगस्ट २०२४ नंतर ढाक्यातले सरकार बदलले आणि दोन्ही बाजूंनी सीमा आवळली गेली. एप्रिल २०२५ मध्ये भारताने ट्रान्सशिपमेंटची, म्हणजे बांगलादेशी माल भारतातून तिसऱ्या देशात नेण्याची, सोय काढून घेतली, बांगलादेशाने जमिनीच्या मार्गाने येणारे सूत थांबवले, मे मध्ये भारताने तयार कपडे जमिनीच्या बंदरांतून घेणे बंद केले. या भांडणात ताज्या फळांचे नाव कुठेच नव्हते. संबंध चांगले असताना शुल्क चढले, आणि संबंध बिघडलेले असताना जानेवारी २०२५ मध्ये चढून मार्चमध्ये ते थोडे उतरले. कारण दरवेळी ढाक्यातच होते: चढताना महसूल, उतरताना रमजानचा बाजार.

रमजानचा धागा मात्र धरून ठेवण्यासारखा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये बांगलादेशाने रमजानपूर्वी खजुरावरचे सीमाशुल्क २५ वरून १५ टक्के केले, अग्रिम आयकर १० वरून ३ आणि आगाऊ कर माफ. उपवास सोडताना फळ लागतेच, आणि सणापुरती, मुदतीची सूट त्यांच्या महसूल मंडळाला देता येते, हे यातून दिसते. २०२६ चा रमजान फेब्रुवारीच्या उत्तरार्धात सुरू होतो, म्हणजे ऐन मृग बहारात. दरवर्षी तो दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२८ मध्ये जानेवारीच्या अखेरीस आणि २०३० मध्ये जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, आंबियाच्या शेपटाला. पुढची चार-पाच वर्षे ढाक्याचा रमजान आणि वरूडची तोड एकमेकांवर येत राहणार आहेत. खजुरासारखी मुदतीची सवलत कमल्याला मागायची, तर अर्ज आदल्या सप्टेंबरात दिल्लीच्या वाणिज्य मंत्रालयात असावा लागतो, वर्गवारी क्रमांकासह, टक्यांत मांडलेल्या हिशेबासह. मृगाच्या सौद्यांची बोलणी त्यानंतर सुरू होतात.

आणि संत्र्याचे कलम ज्या झाडावर बांधलेले असते, त्याचा खुंट आमच्याकडे दोन प्रकारचा असतो: जंभेरी किंवा रंगपूर लाइम. रंगपूर हे बांगलादेशाच्या उत्तरेकडच्या शहराचे नाव आहे. वरूड तालुक्यातल्या शेंदुरजना घाटच्या रोपवाटिकांत ते नाव रोज घेतले जाते.